गाडी ओढते एकीकडे, दोष असतो दुसरीकडे

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते, ही जुन्या गाडीची अगदी नेहमीची तक्रार. ती ऐकली की गॅरेजमध्ये सगळ्यात आधी उघडले जाते ते पुढचे डावे चाक. तिथे बहुधा सगळे ठीकठाक दिसते. पॅड निम्मे शिल्लक, डिस्क गुळगुळीत, कॅलिपर मोकळा. मग 'पॅडच हलके आहेत' असे म्हणून दोन्हीकडे नवे पॅड पडतात, चार दिवस बरे वाटते आणि गाडी पुन्हा डावीकडे जायला लागते. तपासणी मन लावून झालेली असते, पण ती चुकीच्या चाकाची. जोडीतला एक बैल मागे रेंगाळला की बैलगाडी त्याच्याच बाजूला वळते. ब्रेक लावलेल्या गाडीचेही तसेच होते, जे चाक जास्त मागे धरते त्या बाजूला ती वळते. फरक इतकाच की ब्रेक लावताना मागे धरणे हेच चाकाचे काम असते. म्हणजे गाडी डावीकडे ओढत असेल तर डावे चाक बहुतेक वेळा आपले काम चोख करते आहे आणि उजवे कामचुकार झाले आहे. जुन्या गाडीचा एकांगी ब्रेक शोधायचा तर सुरुवात ओढीच्या उलट बाजूने करावी, आणि दोष नक्की कुठे आहे हे कळेपर्यंत एकही नवा भाग विकत घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

यामागचे कारण ब्रेकच्या रचनेतच आहे. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमध्ये तयार झालेला दाब तेलातून सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. हायड्रॉलिक ब्रेक येण्याआधी सळया आणि वायर यांनी ब्रेक ओढले जात, आणि चाकागणिक ताण जुळवत बसावे लागे. एक वायर जरा सैल पडली की गाडी तिरकी थांबायची. 1921 मध्ये अमेरिकेत डूसेनबर्ग मॉडेल ए ही गाडी चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक घेऊन विक्रीला आली आणि पुढच्या काही दशकांत ही जुळवाजुळव इतिहासजमा झाली. तेलाला डावे-उजवे कळत नाही. पुढच्या दोन चाकांना एकच दाब मिळतो, म्हणून त्यांच्यात फरक पडतो तो तेलाची वाट वेगळी झाल्यानंतरच्या टप्प्यात: रबरी होज, कॅलिपरचा पिस्टन, त्याच्या सरकत्या पिना, पॅड, डिस्क, टायर किंवा चाक धरून ठेवणारे सस्पेन्शन. मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम बूस्टर हे दोन महागडे भाग या तक्रारीतून जवळजवळ निर्दोष सुटतात. तरीही गाडी ओढते म्हणून मास्टर सिलिंडर बदलल्याची उदाहरणे सर्रास आढळतात.

इथे लगेच एक आक्षेप येतो, की एखाद्या चाकात एअर धरली असेल तर? हा समज इतका पक्का आहे की गाडी ओढते म्हटले की कित्येक ठिकाणी पहिला उपाय एअर काढण्याचाच होतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही, म्हणून हवा असली की पेडल मऊ लागते आणि खाली जास्त जाते. पण पेडल जिथे थांबते तिथे त्या जोडलेल्या सगळ्या तेलात दाब एकच असतो, हवेच्या बुडबुड्यातही तोच. हवा असलेले चाक क्षणभर उशिरा धरेल, पण पाय दाबून ठेवल्यावर गाडी सतत एकाच बाजूला जात राहील हे हवेमुळे घडत नाही. एक अपवाद खरा आहे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ब्रेकची दोन सर्किटे तिरपी जोडलेली असतात, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे एकात, उरलेली दोन दुसऱ्यात. त्यातले एक सर्किट पूर्ण निकामी झाले तर पुढे एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि गाडी त्या बाजूला जाते. पण तेव्हा पेडल एकदम खोल जाते, टाकीतले तेल उतरलेले असते, बहुधा डॅशबोर्डवरचा लाल दिवाही पेटतो. पेडल जागच्या जागी घट्ट आहे आणि तरी गाडी ओढते आहे, तर दोष चाकापाशी आहे असे धरून चालायला हरकत नाही.

आता हे कामचुकार चाक उघडून पाहू. 1993 ची झेन घ्या, 1998 ची सँट्रो घ्या किंवा 2014 मध्ये बंद झालेली मारुती 800 घ्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम हीच मांडणी. पुढचा कॅलिपर एकाच पिस्टनचा आणि तरंगता असतो. पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो. त्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढून आणतो. या सगळ्याचा जीव त्या दोन पिनांत. पिनांवर रबराची छोटी टोपणे असतात. ती वयाने तडकली की पावसाचे पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुतले जाते आणि पिन गंजून आपल्या भोकात अडकते. कोकणात किंवा मुंबईत चार महिने पावसात उघड्यावर उभी राहिलेली गाडी दिवाळीच्या सुमारास अचानक एका बाजूला ओढू लागते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. पिन अडकली की बाहेरचा पॅड डिस्कला नीट टेकतच नाही आणि त्या चाकाची पकड घसरते. हा दोष मोजपट्टीशिवायही दिसतो. आतला पॅड तीन मिलिमीटरवर आला आहे आणि बाहेरचा आठवर आहे, तर पिना अडकल्या. दोन्ही पॅड जवळजवळ नव्यासारखे जाड आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाचे मात्र झिजले आहेत, तर पिस्टन पुढे येत नाही. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला आहे, तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. पॅड म्हणजे त्या चाकाने काही हजार किलोमीटरमध्ये काय केले याची नोंदवही आहे, आणि 'घासले, फेकून दे' म्हणताना आपण तीच कचऱ्यात टाकतो. जुने पॅड काढताना कुठला कुठल्या बाजूचा, आतला की बाहेरचा, हे मागे खडूने लिहून ठेवावे.

पण ओढणारे चाक दर वेळी निर्दोषच असते का? नाही. माझ्या म्हणण्याला इथे खरे आव्हान मिळते. काही वेळा ओढणारेच चाक दोषी असते, कारण ते ब्रेक सोडल्यावरही धरून बसते किंवा प्रमाणाबाहेर धरते. पिस्टनभोवती चौकोनी कापाची एक रबरी रिंग असते. दाब आला की ती किंचित मुरडते, दाब गेला की पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून सुटतो तो या मुरडीमुळे. ही रिंग कडक झाली किंवा पिस्टनला गंज चढला की पॅड टेकलेलाच राहतो. दुसरे कारण जास्त फसवे आहे: रबरी होज. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून फुगतो किंवा त्याचे आतले अस्तर सुटते आणि तो एकतर्फी झडपेसारखा वागू लागतो. पायाचा जोर तेल पुढे ढकलतो, परत यायला मात्र तेलाला वाट मिळत नाही. चाक हळूहळू सुटते किंवा सुटतच नाही.

ओढणारे चाक धरून बसले आहे की दुसरे कामचुकार झाले आहे, या दोन शक्यता वेगळ्या कशा काढायच्या? उष्णतेने. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकला शक्यतो पाय न लावता काही किलोमीटर गाडी चालवावी, शेवटी ती आपोआप थांबू द्यावी आणि उतरून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात धरावा; डिस्कला मात्र बोट लावू नये. ब्रेक न लावताही एक चाक तापले असेल तर ते धरून बसले आहे आणि आरोपी तेच. उलट, नंतर आठ-दहा वेळा नेहमीसारखे ब्रेक लावल्यावर जे चाक बाकीच्यांच्या मानाने गार राहते, ते काम करत नाही. दुरून तापमान मोजणारे थर्मामीटर असेल तर डाव्या-उजव्या डिस्कचे आकडेच समोर येतात आणि वादाला जागा उरत नाही. धरून बसलेल्या चाकाचा तपास पुढे न्यायचा तर गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, ब्रेक दाबून सोडावा. चाक जाम राहिले की कॅलिपरचे निपल किंचित सैल करावे. थोडे तेल उडून चाक मोकळे झाले, तर तेलाचा दाब अडकून पडला आहे. मग त्याच क्रमाने पुन्हा एकदा ब्रेक दाबून सोडावा आणि या वेळी होज जिथे लोखंडी पाइपला जोडला आहे तो सांधा सैल करावा. तरी चाक जामच राहिले तर होज गुन्हेगार. तिथे सुटले तर अडथळा आणखी मागे आहे. निपल उघडूनही चाक फिरत नसेल तर पिस्टन किंवा पिना यांत्रिकपणे अडकल्या आहेत. सुटा भाग न घेता, फक्त दोन पाने आणि एक बाटली वापरून केलेली ही परीक्षा नवा कॅलिपर घालून नशीब आजमावण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची.

ड्रमच्या गाड्यांत 'दोष उलट बाजूला' या नियमाला जास्त अपवाद लागतात. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम होते, आणि ड्रमचा स्वभावच हट्टी. पुढच्या बाजूचा शू ड्रमच्या फिरण्यानेच आणखी आत ओढला जातो, म्हणून घर्षणात थोडा फरक पडला तरी पकडीत मोठा फरक पडतो. व्हील सिलिंडरमधून झिरपलेल्या ब्रेक ऑइलने लायनर पूर्ण भिजला तर ते चाक घसरते. नुसता चिकट झाला तर तेच चाक झटक्याने पकडते. एकच गळती, दोन उलटे परिणाम. त्यामुळे ड्रम उघडल्याशिवाय कोणत्या बाजूला दोष आहे हे ठामपणे सांगू नये. पावसाळ्यात रस्त्याच्या डाव्या कडेला साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पुढच्याच सिग्नलला अशी गाडी उजवीकडे ओढते, कारण डावे ड्रम ओले झालेले असतात. तो दोष नव्हे. चालता चालता दोन-तीनदा हलका ब्रेक लावला की पाणी वाळते. मागच्या ड्रमचे आपोआप जुळवणारे ॲडजस्टर गंजून बसणे हाही जुना रोग. एका बाजूचे शू जवळ, दुसऱ्या बाजूचे लांब, आणि ते झाकायला हँडब्रेकची वायर ताणून ठेवलेली. मागचा असमतोल स्टिअरिंगला फारसा जाणवत नाही, म्हणून तो दुर्लक्षित राहतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की मात्र गाडीची शेपटी फिरते. आधी ॲडजस्टर मोकळे करून शूची फट जुळवावी, मग हँडब्रेकची वायर. उलट क्रमाने केलेले काम टिकत नाही.

अलाइनमेंटवाल्यांचा आक्षेप वेगळा असतो. ओढणे हा ब्रेकचा नव्हे, चाकांच्या कोनांचा प्रश्न आहे, असे ते सांगतात, आणि अर्धे ते बरोबर आहेत. गाडी ब्रेक न लावताही एकीकडे जात असेल तर आधी टायरमधली हवा पाहावी. कमी हवेचे चाक आपल्या बाजूला ओढते. पुढचे दोन टायर अदलाबदल करून पाहावेत. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी निर्दोष गाडीही किंचित डावीकडे झुकते. चाचणी सपाट रस्त्यावर करावी. पण ब्रेक लावल्यावरच ओढ जाणवत असेल तर कोनांपेक्षा लोअर आर्मचे रबरी बुश पाहावेत. ब्रेकच्या जोराने चाक मागे रेटले जाते. एका बाजूचा बुश फाटलेला असला की ते चाक जागचे हलते आणि स्वतःच वळते. खूण अशी की ब्रेक सोडताक्षणी गाडी उलट बाजूला हिसका देते. पहारीने आर्म हलवून पाहिला की बुशची हालचाल डोळ्यांनी दिसते. मशीनवर उभ्या गाडीचे कोन मोजले जातात, ब्रेकखालचे नव्हे. म्हणून अलाइनमेंटचा कागद हिरवा असूनही गाडी ओढू शकते.

जुन्या गाडीतच हे इतके का जाणवते, याचेही उत्तर रचनेत आहे. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली वाढवला तर जुन्या रचनांत तो टायरच्या मध्याच्या आतल्या बाजूला जमिनीला टेकतो. त्यामुळे प्रत्येक पुढचे चाक ब्रेकखाली बाहेर वळायला बघते. दोन्हीकडे जोर सारखा असेल तर स्टिअरिंगच्या सांध्यांत ती दोन्ही ओढाताण करून एकमेकांना रोखतात. एकीकडे जास्त असेल तर स्टिअरिंगच त्या बाजूला फिरते आणि दोष दुणावतो. 1972 च्या ऑडी 80 मध्ये हा अक्ष मुद्दाम टायरच्या मध्याच्या बाहेर नेला गेला. मग जास्त धरणारे चाक स्टिअरिंगला उलटीकडे वळवते आणि गाडी बरीचशी सरळ राहते. पुढे ही रचना बऱ्याच गाड्यांनी उचलली, एबीएसही आले, आणि अडकलेला कॅलिपर चालकाच्या हाताला जाणवेनासा झाला. ही सोय आहेच, पण तिने दोष झाकला जातो, दूर होत नाही. जुनी गाडी निदान तक्रार तरी करते.

पेडल थरथरणे किंवा ब्रेकखाली स्टिअरिंग हलणे ही वेगळी तक्रार. 'डिस्क वाकली' असे म्हटले जाते, पण बहुधा वाकलेले काही नसते. डिस्कची जाडी एका ठिकाणी कमी, एका ठिकाणी जास्त झालेली असते, आणि मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही पायाला जाणवतो. हबवरचा गंज न खरवडता डिस्क बसवली किंवा चाकाचे नट हवेच्या गनने कसेही आवळले की डिस्क किंचित डुलते, प्रत्येक फेरीत पॅडला एकाच जागी घासते आणि काही महिन्यांनी जाडी बिघडते. म्हणून थरथर नवी डिस्क घातल्यानंतर काही काळाने परत आली, तर डिस्कच्या कंपनीला दोष देण्याआधी हब पाहावा.

आता सर्वांत व्यवहारी आक्षेप. जुन्या छोट्या गाडीचे भाग स्वस्त आहेत. शोधत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे सगळे बदलून टाकले तर काय बिघडले? गॅरेजची मजुरी तासाची असते आणि गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी हवी असते, हे मान्य. होज आणि ब्रेक ऑइल यांच्यापुरता मी हा मुद्दा स्वीकारतोही. वीस वर्षांचा रबरी होज सिद्ध दोषाशिवायही बदलावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 तेलाचा नवेपणीचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा 140 वर येते. घाटात ते उकळते, आणि त्यातले पाणी पिस्टनला आतून गंजवते, तेव्हा दर दोन वर्षांनी ते बदलणे हा खर्च नव्हेच. पण पॅड आणि कॅलिपर सरसकट बदलण्याला माझा विरोध आहे, कारण त्याने दोष जातोच असे नाही. अडकलेल्या पिनांवर नवा पॅड बसवला की तो जाड असल्याने काही दिवस टेकतो, म्हणून 'चार दिवस बरे वाटते'. झिरपणाऱ्या सिलिंडरखाली नवे लायनर पहिल्या महिन्यातच भिजतात. आणि फुगलेला होज जुनाच ठेवून त्याच्या पुढचा कॅलिपर बदलला, तर नवा कॅलिपरही धरूनच बसणार. शोधाला तास जातो, पण तो तास चुकवण्याची किंमत दोन-तीनदा मोजावी लागते.

दोष सापडल्यावर दुरुस्ती फार अवघड नसते, फक्त ती बारकाईने व्हावी लागते. पिना काढून गंज पॉलिश पेपरने साफ करावा. खोल खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्यावी. रबरी टोपणे नवीच घालावीत. ग्रीस मात्र रबराला चालणारे, ब्रेकसाठीचे हवे. बेअरिंगचे साधे ग्रीस लावले तर टोपण फुगते आणि महिन्याभरात पिन पुन्हा जाम होते. हीच गोष्ट धुण्याची. कॅलिपर आणि सिलिंडरचे आतले भाग पेट्रोल-डिझेलने धुण्याची सवय वाईट, कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरे सुजतात. ब्रेक क्लीनर किंवा ताजे ब्रेक ऑइल वापरावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. दोष एका बाजूला असला तरी पॅड, शू आणि होज जोडीनेच बदलावेत. एकाच ॲक्सलवर नवे आणि जुने घर्षण ठेवले तर आपणच नवी ओढ तयार करतो. पिना किंवा सिलिंडरचे रबरी किट मात्र खराब बाजूपुरते घातले तरी चालते, पण दुसरी बाजूही त्याच वयाची आहे हे लक्षात घेऊन ती उघडून पाहावी.

काम झाल्यावर नवे पॅड डिस्कवर बसायला काही ब्रेक लागतात. तोवर थोडी ओढ राहिली तर घाबरू नये, पण रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत दहा-पंधरा ब्रेक लावल्यावर ती जायला हवी. खरी खात्री हवी असेल तर रोलरवर गाडी नेऊन प्रत्येक चाकाचे बळ वेगवेगळे मोजावे. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर पुनर्नोंदणीसाठी तपासणी लागते, ती पुढे दर 5 वर्षांनी. स्वयंचलित तपासणी केंद्रांत असे रोलर असतात. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत 30 टक्क्यांहून अधिक फरक असला तर गाडी नापास होते. म्हणजे डावे चाक 200 किलो बळ देत असेल तर उजव्याने किमान 140 द्यायला हवे. नीट जमलेल्या दुरुस्तीत हा फरक 10 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येतो. तेव्हा केंद्रात नुसता 'पास'चा शिक्का घेऊन निघू नये. डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे मागून घ्यावेत आणि पुढच्या वेळी ताडून पाहायला जुन्या सर्व्हिस बिलांबरोबर ठेवावेत.